सोड्याची बाटली आणि व्हॉल्व्हचं गणित

मागच्या वेळी आपण पंपांच्या इतिहासाबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काहींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील, याची मला कल्पना आहे. विरघळलेला वायू पोटात घेऊन येणाऱ्या द्रवासाठी कंट्रोल व्हॉल्व्हचा आकार कसा ठरवायचा, यात इतिहास कुठला आला? आहे, भरपूर आहे. आणि त्याची सुरुवात तुमच्या-माझ्या लहानपणच्या गोटी सोड्यापासून करता येते.

ती हिरवट जाड काचेची बाटली आठवा. गळ्यात काचेची गोटी, वर रबरी कडं. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने 1872 मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. गोटीला वर दाबून धरणारं काहीही बाहेरून लावलेलं नसतं. आतल्या वायूचाच दाब तिला कड्यावर घट्ट बसवतो. म्हणजे ती एक झडपच आहे. दुकानदार अंगठ्याने गोटी खाली ढकलतो, 'फस्स' असा आवाज होतो आणि मघापर्यंत काचेसारखं स्वच्छ दिसणारं पाणी बुडबुड्यांनी भरून जातं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. बाटली उघडली तरी सगळा वायू एका क्षणात बाहेर येत नाही. ग्लासात ओतल्यावरही दहा-पंधरा मिनिटं बुडबुडे येतच राहतात. दाब उतरला एका क्षणात, वायू मात्र सावकाश बाहेर पडला. आजचं सगळं व्याख्यान या एका निरीक्षणावर उभं आहे.

हेन्रीचा नियम

पाण्यात वायू मुरवण्याचा उद्योग जोसेफ प्रीस्टली यांनी 1767 मध्ये लीड्स शहरात सुरू केला. शेजारी दारूची भट्टी होती आणि आंबवणाच्या पिंपांवर साचलेला वायू आयताच मिळत होता. 1772 मध्ये त्यांनी ही कृती छापून प्रसिद्ध केली. पण किती दाबाला किती वायू मुरतो, हा हिशेब मांडला मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी, 1803 मध्ये. नियम सोपा आहे. तापमान तेच ठेवलं, तर द्रवात विरघळणारा वायू त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असतो. दाब दुप्पट केला की वायू दुप्पट मुरतो.

20 अंश सेल्सियसला, एका वातावरणाच्या दाबाखाली, एक लिटर पाण्यात साधारण 0.9 लिटर कार्बन डायऑक्साइड मुरतो. हवा मात्र मुरते जेमतेम 19 मिलिलिटर. म्हणजे 'पाण्यात वायू विरघळलेला आहे' एवढं सांगून काहीच कळत नाही. कुठला वायू, कुठल्या द्रवात, किती दाबाला, हे सांगावं लागतं.

पण हेन्रीच्या नियमात काळ नाही, तेही ध्यानात ठेवा. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर किती वायू आत असेल, एवढंच तो सांगतो. तिथपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल, यावर तो गप्प आहे.

पाण्यासाठी केलेलं गणित

आता दुसरा धागा घेऊ. भोकातून पाणी किती वेगाने बाहेर पडतं, हे टोरिचेल्ली यांनी सतराव्या शतकात, 1640 च्या दशकात सांगितलं. वेग हा पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. आजच्या भाषेत, प्रवाह हा दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चौपट दाबफरक दिला की दुप्पट प्रवाह.

व्हॉल्व्हला 'कंट्रोल' हे विशेषण लागायला मात्र वाफेचं युग यावं लागलं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मार्शलटाउनला विल्यम फिशर नावाचे गृहस्थ पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर होते. गावात मोठी आग लागली तेव्हा पाण्याचा दाब कायम राहावा म्हणून त्यांना रात्रभर वाफेच्या पंपांपाशी उभं राहून हाताने झडप कमी-जास्त करावी लागली. हे काम यंत्राने का करू नये, या विचारातून त्यांनी पंपाचा गव्हर्नर बनवला आणि 1880 मध्ये त्याचा कारखाना काढला. जागरण माणसाकडून काढून यंत्राकडे दिलं, अशी ही सुरुवात.

पुढची साठेक वर्षं प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं होतं. 1944 मध्ये मेसोनीलन कंपनीने एक आकडा पुढे आणला: सीव्ही. 60 अंश फॅरनहाइटचं पाणी, व्हॉल्व्हच्या दोन बाजूंमध्ये 1 पीएसआय दाबफरक, तर मिनिटाला किती अमेरिकन गॅलन पाणी जाईल? तो आकडा म्हणजे त्या व्हॉल्व्हचा सीव्ही. युरोपात याच कल्पनेचं केव्ही झालं: 1 बार दाबफरकाला तासाला किती घनमीटर. या एका आकड्यामुळे दोन कंपन्यांच्या व्हॉल्व्हची तुलना करता येऊ लागली. ही लहान गोष्ट नव्हे. पण या आकड्याच्या व्याख्येतच 'पाणी' आहे, आणि तेही शांत, थंड, न उकळणारं पाणी.

पाणी गार असताना उकळतं

1890 च्या दशकात ब्रिटिश आरमाराच्या 'डेअरिंग' या वेगवान नौकेच्या चाचण्या झाल्या, तेव्हा तिचा पंखा अपेक्षेएवढा रेटा देईना. थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी शोध घेतला. पंख्याच्या पात्यांमागे पाण्यात पोकळ्या तयार होत होत्या. आर. ई. फ्रूड यांनी त्याला नाव सुचवलं: कॅव्हिटेशन. त्याच सुमारास, 1894 मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मधे चिंचोळी केलेली काचेची नळी घेऊन नळाचं साधं पाणी तिच्यातून जोरात सोडलं. चिंचोळ्या भागात पाणी सूं-सूं आवाज करत उकळू लागलं. विस्तव नाही, काही नाही. वेग वाढला की दाब पडतो, आणि दाब बाष्पदाबाच्या खाली गेला की गार पाणीही उकळतं.

व्हॉल्व्हच्या आत नेमकं हेच घडतं. द्रव अरुंद जागेतून जाताना वेग कमाल होतो आणि दाब किमान. पुढे जागा रुंद झाली की दाब थोडा सावरतो. सावरून बाष्पदाबाच्या वर गेला, तर बुडबुडे फुटतात, मिटतात आणि धातू खातात. हे कॅव्हिटेशन. मिटणारा बुडबुडा केवढा दाब निर्माण करतो, हे लॉर्ड रॅली यांनी 1917 मध्ये गणिताने दाखवलं. दाब सावरलाच नाही, तर वाफ वाफच राहते. हे फ्लॅशिंग. दोन्ही प्रकारांत एक मर्यादा येते. खालचा दाब आणखी कितीही उतरवा, प्रवाह वाढत नाही. याला चोक्ड फ्लो म्हणतात.

ही मर्यादा हिशेबात आणायला 1960 चं दशक उजाडलं. 1963 मध्ये हान्स बाउमान यांनी प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक गुणांक सुचवला. दाब सावरण्याची त्या व्हॉल्व्हची खोड किती, हे तो सांगतो. त्याचंच पुढचं रूप म्हणजे आजचा एफएल. आयएसए आणि आयईसीच्या मानकांत सूत्र बसलं ते असं. कामाला येणारा जास्तीत जास्त दाबफरक म्हणजे एफएलचा वर्ग गुणिले (वरचा दाब वजा एफएफ गुणिले बाष्पदाब). आणि एफएफ म्हणजे 0.96 वजा 0.28 गुणिले, बाष्पदाबाला क्रिटिकल दाबाने भागून येणाऱ्या संख्येचं वर्गमूळ.

सूत्र लिहून घेतलं नाही तरी चालेल. एवढंच लक्षात ठेवा, की हे सूत्र एका शुद्ध द्रवासाठी आहे, जो स्वतःच्याच वाफेत बदलतो. मानकातही स्पष्ट म्हटलेलं आहे की ही समीकरणं द्रव आणि वायूच्या मिश्र प्रवाहासाठी नाहीत.

मग वायू कुठे बसवायचा?

आता दोन्ही धागे जोडू. 1930 मध्ये आर. आर. बॉटम्स यांना अमीनच्या द्रावणाने वायू शुद्ध करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. नैसर्गिक वायूतला हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड मोठ्या दाबाखाली द्रावणात शोषायचा, मग दाब उतरवून आणि तापवून तो सोडायचा. दाब उतरवायचा कशाने? व्हॉल्व्हने. तेलविहिरींचंही तेच. जमिनीखालचं तेल वायू पोटात घेऊनच वर येतं. आपल्या मुंबई हायचं उदाहरण घ्या. 1974 मध्ये तिथे तेल सापडलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं, पुढे समुद्राखालच्या पाइपलाइनी उरणला आल्या. अशा कुठल्याही तेलक्षेत्रात तेल एकामागून एक सेपरेटरमधून जातं आणि प्रत्येक टप्प्यावर दाब कमी करून वायू वेगळा काढला जातो. सेपरेटरच्या तळाशी पातळी राखणारा एक कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. आणि त्यात शिरणारं तेल त्या दाबाला वायूने तुडुंब भरलेलं असतं. दाब जरासा उतरला की बुडबुडे यायला सुरुवात. या दाबाला म्हणतात बबल पॉइंट.

इथे डिझाइन ऑफिसांत एक पळवाट रूढ झाली. सूत्रात बाष्पदाबाची जागा आहे ना? मग तिथे बबल पॉइंट घाला. दोन्ही ठिकाणी बुडबुडेच येतात, मग फरक काय? मी नोकरीला लागलो तेव्हा मीही हेच केलं. आमच्या साहेबांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "क्रिटिकल दाब कोणाचा घेतलास? पाण्याचा, अमीनचा की मिथेनचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर त्या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण सूत्रच त्या प्रसंगासाठी नाही.

आकडे घालून बघू. धरा, तासाला 100 घनमीटर द्रावण 70 बारवरून 7 बारवर आणायचं आहे. घनता पाण्याएवढी. वायूकडे काणाडोळा केला, तर दाबफरक 63 बार, त्याचं वर्गमूळ साधारण 7.9, म्हणून केव्ही आला 12.6. आता पळवाट वापरू. बबल पॉइंट 70 बार हाच बाष्पदाब मानला, क्रिटिकल दाब पाण्याचा म्हणजे 221 बार घेतला, तर एफएफ येतो 0.80. एफएल 0.9 धरला तर कामाला येणारा दाबफरक उरतो जेमतेम 11 बार. केव्ही येतो सुमारे 30. आणि कोणी म्हणालं की एफएफ 1 घ्या, तर दाबफरक शून्य, म्हणजे व्हॉल्व्ह अनंत मोठा! एकाच कामाला 12.6, 30 आणि अनंत, अशी तीन उत्तरं. विज्ञानात असं झालं की समजायचं, आपण निसर्गाला चुकीचा प्रश्न विचारतोय.

बुडबुड्याला वेळ लागतो आणि बीज लागतं

योग्य प्रश्न विचारला तो व्हॉल्व्हवाल्यांनी नाही. तो आला वैद्यकातून. पुलांचे पाये घालताना दाबाखालच्या हवेत काम करून मजूर बाहेर येत, तेव्हा सांध्यांत भयंकर वेदना होत, काही जण दगावत. पॉल बेर यांनी 1878 मध्ये दाखवलं की रक्तात मुरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. 1908 मध्ये जॉन हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणबुड्यांसाठी कोष्टक दिलं. त्याचा गाभा असा, की दाब निम्म्यावर आणला तरी सहसा त्रास होत नाही. तिथे थांबा, वायूला सावकाश निघून जाऊ द्या, मग पुढे या. म्हणजे द्रव काही काळ हक्कापेक्षा जास्त वायू पोटात धरून ठेवू शकतो. पुढे 1944 मध्ये न्यूटन हार्वी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बुडबुडा शून्यातून उगवत नाही. पृष्ठभागाच्या सूक्ष्म फटींत अडकलेला वायू त्याचं बीज असतो.

आता व्हॉल्व्हकडे या. आपल्या उदाहरणात अरुंद जागेतला वेग सेकंदाला 110 मीटरच्या आसपास जातो. चार-पाच सेंटिमीटरची ती वाट पार करायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. वाफ व्हायची तर द्रवाचे रेणू जागच्या जागी वाफ होतात. विरघळलेल्या वायूच्या रेणूंना मात्र द्रवातून वाट काढत बुडबुड्यापर्यंत पोहोचावं लागतं. हा विसरणाचा प्रवास सावकाशीचा आहे. अर्ध्या मिलिसेकंदात सगळा वायू बाहेर येणं अवघड. म्हणून बबल पॉइंटला बाष्पदाब मानणं चूक. पण वायू मुळीच येत नाही असं धरणंही चूक, कारण काही तिथेच येतो आणि उरलेला व्हॉल्व्हच्या पोटात आणि पुढच्या पाइपात येतो.

अमीनच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. कार्बन डायऑक्साइड तिथे नुसता विरघळलेला नसतो, रसायनाने बांधलेला असतो. त्याचा मोठा भाग पुढे तापवल्यावरच सुटतो. व्हॉल्व्हपाशी पटकन बाहेर येतो तो मुख्यतः मिथेनसारखा, नुसता मुरलेला वायू.

थोड्या वायूनेही किती फरक पडतो? ए. बी. वुड यांनी 1930 च्या आपल्या ध्वनिशास्त्राच्या ग्रंथात यावर लिहिलं आहे. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला 1,480 मीटरच्या आसपास, हवेत 340. पण पाण्यात हवेचे बुडबुडे निम्मेशिम्मे मिसळले, तर नेहमीच्या वातावरणीय दाबाला तो 20 मीटरच्या घरात येतो. मिश्रणाला पाण्याचं वजन आणि हवेचा मऊपणा, दोन्ही मिळतात. ध्वनीचा वेग घसरला की चोक होण्याची मर्यादाही खाली येते. बुडबुडे झाले की प्रवाह अडतो, तो यामुळे.

मिश्र प्रवाहाची सूत्रं

तेलवाल्यांनी आधी अनुभवाने मार्ग काढला. डब्ल्यू. ई. गिल्बर्ट यांनी 1954 मध्ये विहिरीच्या तोंडावरच्या चोकसाठी प्रत्यक्ष मोजमापांवरून सूत्र दिलं. वायू-तेलाचं प्रमाण त्यात थेट घातलेलं होतं. सैद्धांतिक बाजूने 'एकजीव समतोल' ही कल्पना आली. द्रव आणि वायू एकाच वेगाने जातात आणि क्षणोक्षणी समतोलात असतात, असं धरायचं. रासायनिक कारखान्यांतल्या स्फोटांनंतर आपत्कालीन झडपांचा अभ्यास वाढला, आणि 1986 मध्ये जोसेफ ल्युंग यांनी ओमेगा पद्धत मांडली. दाब उतरताना मिश्रण किती फुगतं, हे एका आकड्यात सांगणारी. पुढे जर्मनीत राल्फ डीनर आणि युर्गेन श्मिट यांनी बुडबुडा व्हायला होणारा उशीरही हिशेबात घेतला. हॉल्डेनचा वेळ असा शंभर वर्षांनी व्हॉल्व्हच्या सूत्रात आला.

मग आज इंजिनिअरने करायचं काय? खालच्या दाबाला एकूण किती वायू सुटेल, याचा हिशेब आधी काढायचा. धरा, दर घनमीटर द्रावणातून प्रमाण स्थितीत मोजलेला 2 घनमीटर वायू सुटतो. 7 बारला, चाळीसेक अंशांना त्याचं आकारमान साधारण 0.33 घनमीटर. म्हणजे बाहेरच्या पाइपात चौथा हिस्सा वायू. मग दोन टोकं काढायची: वायू मुळीच सुटला नाही तर लागणारा केव्ही, आणि सगळा सुटला असं धरून मिश्र प्रवाहाच्या पद्धतीने येणारा केव्ही. व्हॉल्व्ह असा निवडायचा, की दोन्ही टोकांना तो ताब्यात राहील. व्हॉल्व्ह खालच्या टाकीच्या जवळ बसवायचा, म्हणजे फेसाळ मिश्रणाचा पाइप आखूड राहतो. बाहेरची बाजू रुंद ठेवायची आणि आतले भाग कठीण धातूचे घ्यायचे. सुटलेला वायू वाफेसारखा पटकन मिटत नाही, त्यामुळे कॅव्हिटेशनचे घाव कमी बसतात. पण वेगाने उडणारे थेंब धातू घासतातच.

मोठा म्हणजे सुरक्षित नाही

कोणी म्हणेल, एवढी चर्चा कशाला? केव्ही 30 चा घ्या आणि निवांत झोपा. मोठा व्हॉल्व्ह कधीही बरा.

22 मार्च 1987. स्कॉटलंडमधलं ग्रेंजमाउथ. तिथल्या हायड्रोक्रॅकर संयंत्रात एक सेपरेटर सुमारे 155 बारवर चालत होता आणि त्याच्या खालचा जेमतेम 9 बारसाठी बांधलेला होता. दोघांच्या मध्ये पातळी राखणारा कंट्रोल व्हॉल्व्ह. वरच्या सेपरेटरमधली द्रवाची पातळी संपली, व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि द्रवाऐवजी दाबाखालचा वायूच खाली घुसला. पातळी फार उतरली की व्हॉल्व्ह बंद करणारी यंत्रणा काही वर्षं आधीच काढून ठेवलेली होती. खालच्या टाकीची सुरक्षा-झडप आगीचा प्रसंग धरून निवडलेली होती, वायूचा असा लोंढा धरून नाही. टाकी फुटली. एक कामगार गेला.

त्या व्हॉल्व्हचा हिशेब चुकला होता, असं मी म्हणत नाही. मी सांगतोय ते वेगळं. द्रव संपल्यावर त्याच व्हॉल्व्हमधून किती वायू घुसेल, हे त्याच्या केव्हीवरच ठरतं. गरज 13 ची असताना 30 चा बसवला, तर तो लोंढाही दुपटीहून अधिक. मग खालची सुरक्षा-झडप, तिचा पाइप, फ्लेअर, सगळंच त्या मानाने वाढवावं लागतं. ते वाढवलं नाही, तर आपण 'सुरक्षिततेसाठी' घेतलेला मोठा आकडाच धोका होऊन बसतो. शिवाय मोठा व्हॉल्व्ह रोजच्या कामात जेमतेम फटीएवढा उघडा राहतो. त्यामुळे त्याचं आसन खरवडलं जातं आणि पातळी सारखी वर-खाली होते. आणि पातळी वर-खाली होणं हीच तर अपघाताची पहिली पायरी.

आमच्या साहेबांनी माझा तो कागद परत केला, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, तो प्रश्न विचारला गेला हेच भाग्य. संगणक असा प्रश्न विचारत नाही. बाष्पदाबाच्या रकान्यात बबल पॉइंट भरला, तरी तो निमूटपणे उत्तर काढून देतो, दोन दशांशस्थळांपर्यंत.

तेव्हा पुढच्या वेळी गोटी सोडा फोडाल, तेव्हा 'फस्स' झाल्यावर लगेच पिऊ नका. ग्लास हातात धरून मिनिटभर बुडबुडे बघा. ते कुठून निघतात, किती वेळ निघत राहतात, हे बघा. हेन्रीने काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, ते तुमच्या हातातच दिसेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.